बिल्ल्याची घासलेली पाठ

मी चांदीचा बिल्ला बोलतोय. समोरून पाहाल तर सरस्वती, वीणा, मोर, सगळं जागच्या जागी. पाठीवर नाव आहे, मानसिंगराव. ते नाव माझं नव्हे. एवढं आधी सांगून टाकतो.

१९०४ सालची गोष्ट. धारच्या शाळेत शिकून गेलेल्यांनी एक मंडळ काढलं होतं. कुणी वकील, कुणी कारकून, कुणी दरबारात. आदल्या साली प्लेगनं माळवा झोडपून काढला होता. शाळेसाठी आणि लोकांसाठी जो झटला, अशा एका माजी विद्यार्थ्याला मानाचा बिल्ला द्यायचा असं ठरलं. चांदी विकतची नको, प्रत्येकाच्या घरची हवी. कुणी कडदोरा दिला, कुणी कोटाची बटणं, कुणी मोडकी अत्तरदाणी. मी असा पन्नास घरांचा मिळून झालोय.

त्यात एक जोडव्यांची जोडी होती. देवासच्या माईंची. नवरा गेला तेव्हा पायांतून उतरवलेली, वीस वर्षं चिंधीत बांधून ठेवलेली. त्यांचा मुलगा नीलकंठ याच शाळेत शिकला आणि याच शाळेत मास्तर झाला. प्लेगात बोर्डिंगची पोरं माळावरच्या झोपड्यांत हलवली, तेव्हा बाकीचे मास्तर आपापल्या गावी पळाले. हा राहिला. पोरांना पाणी पाजलं, अंग पुसलं, आणि अकरा पोरं स्वतःच्या खांद्यावरून मसणात पोचवली. काही बोर्डिंगची, काही शेजारच्या वस्तीतली. जात विचारायला त्याला सवड नव्हती.

त्यापायी जातीनं त्याला वाळीत टाकलं. पाणी बंद, पंगत बंद. माईंच्या उंबऱ्यालाही कुणी पाय लावीना. माई तर अंथरुणाला खिळलेल्या.

जोडवी देताना त्या म्हणाल्या, "नीलू, हा मान तुलाच मिळणार. तुझ्याशिवाय होतंच कोण तिथं? मिळाला की छातीवर लाव आणि आपल्या गल्लीतनं चालत ये. उपरण्याखाली झाकू नकोस. सगळ्यांदेखत ज्याला मानाचा विडा दिला, त्याच्या घरी मग यावंच लागतं त्यांना."

"कशाला हवेत ते आपल्याला?"

"चार खांदे हवेत रे. तू एकटा कसा उचलशील मला?"

हे मी स्वतः ऐकलंय. तेव्हा मी जोडवी होतो.

वाळीतल्या घरची चांदी चालेल का, असं मंडळात कुणीतरी विचारलं. अध्यक्ष उमाशंकरशास्त्री म्हणाले, "विस्तवातून गेली की शुद्ध." झालं. मला वितळवलं, घडवलं, आणि सगळ्यांच्या मतानं पाठीवर नीलकंठचं नाव कोरलं.

समारंभाच्या आदल्या दिवशी मंडळाच्या डोक्यात उजेड पडला. बिल्ला लावल्यावर विडा हातात ठेवायचा, आणि विडा घेणाऱ्याचा पाट पंगतीत देणाऱ्याच्या शेजारी मांडायचा, ही रीत. वाळीतल्याच्या हातात विडा ठेवणार कोण? एवढे शिकलेसवरलेले लोक, ठराव लिहिला, आमंत्रणं धाडली, आणि विड्याचा विचारच कुणी केला नव्हता!

शास्त्रीबुवांनी नीलकंठला सोनाराच्या दुकानातच बोलावून घेतलं. मी ऐरणीशेजारी पडलो होतो.

"नीलकंठा, सोपं आहे. क्षौर कर, पंचगव्य घे आणि चारचौघांत म्हण, चुकलो."

"काय चुकलं, शास्त्रीबुवा? पाजलं ते, की पोचवलं ते?"

"वाद घालू नकोस."

"तुमचा नातू माझ्याच हातचं पाणी पिऊन जगला. त्याला दिलंत का पंचगव्य?"

"तो लहान आहे." शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. "अरे, आईचा तरी विचार कर."

हे मात्र लागलं. नीलकंठ माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "चुकलो म्हटलं, तर ती अकरा पोरं मी उचलायलाच नको होती, असं होईल." आणि निघून गेला.

शास्त्रीबुवांनी मला सोनारापुढे सरकवलं. "नाम घिस डालो."

"काल तो खुदवायो, महाराज, ने आज मिटई दूँ? पीठ में खड्डो पड़ी जायगो."

"पड़ने दो. पीठ कौन देखता है!"

सोनार कानस उचलत पुटपुटला, "चाँदी आग में से निकली के सुद्ध हुई गई, ने वो आदमी पिलेग में से निकली के नी हुयो?"

शास्त्रीबुवा तोवर जोडे घालत होते. त्यांना ऐकू आलं. मागं वळले नाहीत.

त्या खळग्यात याच शाळेत शिकलेल्या सरदार मानसिंगरावांचं नाव कोरलं आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या छातीवर लावलं. "अहो, मी तर तेव्हा शिकारीच्या बंगल्यावर होतो," ते बिचारे म्हणाले. शास्त्रीबुवा म्हणाले, "पण झोपड्यांवरचं कापड आपल्या जुन्या तंबूंचं होतं ना, भैयासाहेब!" मग त्यांनी विडा घेतला. टाळ्या पडल्या. पंगत उठेपर्यंत नीलकंठचं नाव कुणी काढलं नाही.

महिनाभरानं मानसिंगरावांच्या बैठकीत कुणी सांगत होतं, देवासच्या त्या मास्तरची आई गेली. गल्लीतली सगळी दारं बंद. त्यानं एकट्यानं तिला बैलगाडीत घातलं आणि नेलं. मानसिंगरावांचा पानाचा हात थांबला. छातीवर मला चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "चालायचंच," आणि पान तोंडात घातलं.

आता मी त्यांच्या काचेच्या कपाटात असतो. संमेलन आलं की रांगोळीनं घासून बाहेर काढतात. शास्त्रीबुवा सेवेवर बोलतात. दरवर्षीच्या घासण्यानं मानसिंगरावांचं नाव पुसट होत चाललंय. खळगा आहे तेवढाच आहे.

तुमच्या हाती आलो तर मला उलटा करा. पाठीवरून अंगठा फिरवा. अंगठा जिथं खाली उतरेल, तिथं नीलकंठ आहे. आणि कुणात धमक असेल तर मला वितळवा, दोन जोडव्यांपुरती चांदी काढा आणि देवासला मास्तरांकडे पोचती करा. उघड्या तळहातावर धरून, गल्लीतनं चालत न्या. झाकू नका.