कुंकवाखालचा नंबर
ठकुबाईंनी डिझेलमध्ये फडकं बुडवलं आणि इंजिनाच्या कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसायला घेतलं. इंजिनाला कसलं आलंय कपाळ! पण पन्नास खंडेनवम्या त्यांनी एकाच जागी तेल-कुंकू लावलं होतं. त्याचा चांगला जाड थर बसला होता.

"आजी, हळू. खाली नंबर असणार," नसरापूरचा मिस्त्री सम्राट म्हणाला.

ठकुबाईंचे यजमान आनंदराव गिरणीच्या दारात पाठ करून बसले होते. त्यांचे वडील सोनबा एकेकाळी विंझरच्या एका बड्या घरी मोटारीवर ड्रायव्हर होते. त्या मोटारीचं इंजिन चोरीला गेलं आणि त्याच महिन्यात सोनबांनी पासलीत भाताची गिरणी सुरू केली, ती या इंजिनावर. "खडकीला लष्कराच्या लिलावात घेतलं," असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. लोकांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर आनंदरावांचाही नाही. थोरली बहीण रत्ना विंझरला दिलेली, पण लाजेपायी ते कधी तिच्या उंबऱ्याला गेले नाहीत. परवा तिच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली, ती त्यांनी न उघडताच फळीवर टाकली. तेव्हा मात्र ठकुबाईंचा धीर सुटला. नवऱ्याला न विचारता त्यांनी सम्राटला फोन लावला होता.

सम्राटनं मोबाईलचा उजेड धरला.

"एम, बी… आजी, हे लढाईतल्या जीपचं इंजिन हाय. लष्कराचं."

"आन् विंझरची मोटार?" ठकुबाईंनी विचारलं.

"त्या घरच्या गाड्या माझ्याकडंच येत्यात. तिची कागदपत्रं म्या बघितल्यात. तिला सहा सिलिंडर. हितं बघा की." त्यानं एकेका प्लगवर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार."

नुसतं मोजायचं होतं! साठ वर्षं लोक बोलत राहिले, घर मान खाली घालून ऐकत राहिलं, आणि चारपर्यंत मोजायला कुणाला सवड झाली नाही. वर नंबरावर कुंकू थापणाऱ्या त्या स्वतःच! ठकुबाईंना हसावं की रडावं कळेना. छातीवरची धोंड उतरली तशा त्या तिथंच भुईवर फतकल मारून बसल्या.

आनंदराव उठून आत आले. प्लगांवरून त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"आबा खरं बोलत व्हते," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

सम्राटनं नंबर एका कागदावर लिहून दिला. आनंदरावांनी घरात जाऊन पत्रिका उघडून वाचली, खुंटीवरची टोपी घातली.

"विंझरची एसटी कितीला हाय?"

"अवो, लगीन चार दिसांवर हाय."

"असू दे."

"मग त्यो कागद तरी घ्या. रत्नावन्संना दाखवा."

आनंदराव पायरीवर थांबले.

"तिला कशाला कागद? तिचा आबांवर भरवसा व्हता," ते म्हणाले. "कागद मला लागला."