साचा हातात देणं

गिरणीच्या साचेखात्यात माणसाच्या तोंडाला काडीची किंमत नव्हती. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम चालू असायचे आणि त्या खडखडाटात शेजाऱ्याच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी त्याला फक्त तोंडाचा वास यायचा. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची. मनगट पिरगाळलं की फिटर, डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं केलं की जॉबर म्हणजे मुकादम, अंगठा ओठाला लावला की चहा. तिथं हातवाऱ्यांवर भांडणं पेटलेली होती आणि सोयरिकीही जुळलेल्या होत्या.

त्यातच एक रीत होती. पाळी बदलताना साचा बंद व्हायचा नाही, तो चालता चालता हातात द्यायचा. जाणाऱ्यानं साचा चालू-बंद करायच्या दांड्यावर हात ठेवायचा, येणाऱ्यानं आपला हात शेजारी ठेवायचा. मग साच्याचं दुखणंखुपणं काय असेल ते जाणाऱ्यानं खुणेनं सांगायचं. येणाऱ्यानं मान हलवली की मगच दांड्यावरचा हात काढायचा. ही रीत मोडणारे सगळ्या खात्यात दोघेच होते, आणि ते सख्खे भाऊ होते.

थोरला महिपती पहिल्या पाळीला, धाकटा रामहरी दुसऱ्या. माढ्याकडची शेती सोडून दोघं सोलापुरात आले तेव्हा एकाच जॉबरनं त्यांना एकाच साच्यावर लावलं, आणि रामहरीला विणायला महिपतीनंच शिकवलं. पुढं अबोला पडला. साचा बदलून मागावा तर जॉबरपुढं घरचं उकरावं लागणार, ते दोघांनाही नको. मग तीनच्या भोंग्याच्या जरा आधी महिपती साचा शेजारच्या बिरप्पाच्या नजरेवर सोपवून सटकायचा, आणि रामहरी खांबाआड उभा राहून तो गेल्याची खात्री करून घ्यायचा. मिशा पिकायला आलेल्या माणसांचा हा लपंडाव बघून खातं हसायचं, पण तोंडावर कुणी काही म्हणायचं नाही.

अबोल्याचं कारण दुष्काळाच्या सालातलं. वडील जायला लागलेत, असं गावाहून कळलं तेव्हा महिपती घरी होता आणि रामहरी पाळीवर. महिपतीनं फाटकावरच्या कुंडलिक वॉचमनला सांगितलं की रामहरीला ताबडतोब गावाकडं धाड, आणि मिळेल ती एसटी पकडली. म्हातारा त्याच संध्याकाळी गेला. रामहरी पोचला तो दुसऱ्या दिवशी, राख थंड झाल्यावर. निरोप त्याला मिळालाच नव्हता, रात्री पाळी सुटून घरी गेल्यावर कळलं. थोरल्यानं मुद्दाम कळवलं नाही, हे त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच. वडील शेवटी काय बोलले हे विचारायलाही तो थोरल्याकडं गेला नाही. आणि महिपतीचं एकच पालुपद होतं, मी निरोप ठेवला होता, माझं काम मी केलं. त्या एका वाक्यावर तो इतकी वर्षं ताठ उभा होता.

एके दिवशी पाळी संपता संपता साच्याच्या उजव्या टोकाचा गज ढिला झाला. धोटा उसळून बाहेर पडू नये म्हणून हा गज लावलेला असतो. धोटा म्हणजे लोखंडी टोकाचं लाकूड, सुतासकट इकडून तिकडं सणसणत धावणारं. मागल्या वर्षी असाच एक धोटा उडून कुणाच्या तरी डोळ्यात बसला होता. तो बिचारा आता गिरणीबाहेर पानाची टपरी चालवतो आणि एका डोळ्यानं चुना लावतो. जॉबरनं गज बघितला, फिटर उद्या येईल म्हणाला, तोवर तारेनं आवळ आणि उजवीकडं उभा राहू नको म्हणाला, आणि गेला.

महिपतीनं तार आवळली. मान वर केली तर रामहरी नेहमीसारखा खांबाआड उभा. आज थांबायला हवं होतं. महिपतीला ते कळत होतं, पण अबोल्याची माणसाला सवय लागते आणि सवयीपुढं अक्कल चालत नाही. त्यानं बिरप्पाकडं वळून भराभर खुणा केल्या. गज ढिला, फिटर उद्या, उजवीकडं उभं राहायचं नाही, त्याला सांग. बिरप्पानं मान डोलावली आणि महिपती बाहेर पडला.

युनियनच्या हॉलमध्ये साडेतीनला सरकारचा कामगार शिक्षणाचा वर्ग भरायचा. महिपती तिथं जायचा तो मुख्यतः चहासाठी. शिकवणारे धर्मपाल सर पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडून, खडू हातात घेऊन फार जीव ओतून शिकवायचे, आणि पाळी करून आलेली माणसं तितकाच जीव ओतून पेंगायची. आज विषय होता, एक माणूस दुसऱ्याला काही सांगतो म्हणजे नेमकं काय होतं. सरांनी फळ्यावर एक गोल काढला, हा सांगणारा. दुसरा गोल, हा ऐकणारा. मध्ये एक बाण, ही वाट. बाणावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या, हा वाटेतला गोंगाट. गोंगाट म्हणजे नुसता साच्यांचा आवाज नव्हे, सर म्हणाले, मनात राग असला तर तोही गोंगाटच. आणि गप्प बसलेला माणूससुद्धा काहीतरी सांगतच असतो. एवढ्यासाठी सरकार या माणसाला पगार देतं होय, असं महिपतीच्या मनात आलं.

मग सरांनी एक खेळ काढला. महिपतीला उठवलं, त्याच्या हातात चौकोनांचं एक चित्र दिलं आणि फळ्याकडं पाठ करून उभं केलं. त्यानं चित्र तोंडानं सांगायचं, फळ्यापाशी उभ्या असलेल्या गड्यानं ऐकून काढायचं. त्या गड्यानं काही विचारायचं नाही, महिपतीनं मागं वळून बघायचं नाही. महिपतीनं अगदी नीट, सावकाश सांगितलं. वर्ग हसायला लागला तेव्हा तो वळला. फळ्यावर चौकोनांची नुसती उतरंड कोसळलेली होती.

"मी तर बराबर सांगितलं की," महिपती म्हणाला.

"सांगितलंत," सर म्हणाले. "पण पोचलं का, ते बघितलंत का?"

सरांनी फळ्यावर दुसरा बाण काढला, ऐकणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडं परत येणारा. हा बाण आला नाही तर निरोप दिला असं समजू नका, ते म्हणाले. महिपतीला पुढचं ऐकू आलं नाही. त्याची नजर मागच्या बाकावर गेली. तिथं बिरप्पा मांडीवर टोपी ठेवून डुलक्या घेत होता. महिपतीनं बाकांमधून वाट काढत जाऊन त्याचा खांदा हलवला आणि रामहरीला सांगितलंस का विचारलं.

बिरप्पा गोंधळला. त्याचाही साचा तेव्हाच हातात द्यायचा होता. रामहरीला खांबाआडून यायला वेळ लागला, म्हणून त्यानं आपल्या साच्यावर आलेल्या वीरभद्रप्पाला खूण केली होती, की रामहरीला सांग.

"त्यानं मान हलवली?"

"सूत जोडीत हुता तो, अण्णा," बिरप्पा म्हणाला. "पर बघितलं आसंल की."

महिपती पायताण न घालताच हॉलमधून पळाला. गिरणी हाकेच्या अंतरावर होती, पण आज ती वाट सरता सरेना. डोळ्यापुढं एकच दिसत होतं. उजव्या टोकाशी वाकून, डोळा धोट्याच्या वाटेपाशी नेऊन सूत बघायची रामहरीला खोड होती. सूत तुटायच्या आधी कळतं तिथं, म्हणून ती खोड महिपतीनंच त्याला लावली होती, मानेवर हात ठेवून, असं वाक म्हणून.

फाटकावर कुंडलिक होता. पाळी सुटल्यावर साहेबाच्या पासाशिवाय आत सोडता येत नाही, त्यानं सांगितलं. महिपतीनं धापा टाकत गज, तार, डोळा सगळं सांगितलं. कुंडलिक माणूस वाईट नव्हता, तो लगेच उठला.

"मग मला सांग की," तो म्हणाला. "मी आत निरोप धाडतो."

तेच फाटक, तोच माणूस, तेच बोलणं.  त्या दिवशी हे ऐकून त्याला केवढं हायसं वाटलं होतं, आणि मागं वळून न बघता तो एसटीकडं धावला होता.

"न्हाय कुंडलिक," तो म्हणाला. "निरोप नगं. मी सोता जानार. मला सोड."

कुंडलिकचा चेहरा उतरला. त्यालाही ते साल आठवलं असावं.  त्यानं दिंडी दरवाजाची कडी काढली आणि दुसरीकडं बघत उभा राहिला.

खात्यात शिरल्यावर साच्यांमधल्या अरुंद वाटेनं महिपतीला पळता येईना. रामहरी उजव्या टोकाशीच होता, वाकलेला. तार सुटून लोंबत होती आणि दर ठोक्याला गज थरथरत होता. हाक मारून उपयोग नव्हता. मागून खांदा धरावा तर दचकलेल्या माणसाचा हात थेट साच्यात जातो. महिपती वळसा घालून त्याच्या समोर आला आणि दोन्ही हात वर करून हलवले. रामहरीनं डोळे उचलले. भावाला बघितलं, ओळखलं आणि इतक्या वर्षांच्या सरावानं मान फिरवून पुन्हा वाकला, आधीपेक्षाही खाली.

महिपतीनं झेप टाकून दांडा ओढला. साचा थांबला.

दुसऱ्याचा चालता साचा बंद करणं म्हणजे चारचौघांत त्याच्या मुस्काटात मारणं. रामहरी ताडकन उठला आणि त्यानं महिपतीची कॉलर धरली. आजूबाजूच्यांचे हात थांबले. महिपतीनं कॉलर सोडवली नाही. एक हात दांड्यावर तसाच ठेवून त्यानं दुसऱ्या हातानं गजाकडं बोट केलं. रामहरीनं रागानंच तिकडं बघितलं आणि गजाला हात लावला. गज निखळला आणि फरशीवर पडला. त्या गोंगाटात त्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही.

रामहरी पडलेल्या गजाकडं बघत राहिला. त्याची बोटं कॉलरवरून सुटली. नकळत त्याचा हात आपल्या उजव्या डोळ्यावर गेला. मग त्यानं तळहात उलटा केला, हे आधी का नाही सांगितलं?

महिपतीनं खुणेनं सांगितलं. बिरप्पाला सांगितलं, तुझ्यापर्यंत आलं नाही. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण त्याचा हात थांबेना. त्यानं डोक्याभोवती बोट फिरवलं. पटका. ही खूण खात्याची नव्हती, ती दोघा भावांची होती, वडिलांसाठी. मग फाटकाकडं बोट केलं. तिथं सांगितलं आणि निघून गेलो, मागं वळून बघितलं नाही. आणि सगळ्या खात्यादेखत थोरल्या भावानं धाकट्यासमोर स्वतःचा कान धरला.

 रामहरी पुढं झाला आणि त्यानं दांड्यावर, महिपतीच्या हाताशेजारी, आपला हात ठेवला. महिपती मान हलायची वाट बघत राहिला. मान हलली नाही. रामहरीनं दुसरा हात उचलला, डोक्याभोवती बोट फिरवलं, मग बोटं ओठांना लावली आणि तळहात उलटा केला.

बाप काय बोलला?

महिपतीला समोरचं धूसर दिसायला लागलं. त्यानं बोट आपल्या ओठांना लावलं आणि मग तेच बोट रामहरीच्या छातीवर टेकवलं. तुझं नाव. पुन्हा ओठांना लावलं, पुन्हा छातीवर टेकवलं. शेवटपर्यंत तेच.

 वीरभद्रप्पा आपला साचा सोडून पुढं येत होता, त्याला रामहरीनं हातानंच मागं थांबवलं. मग त्यानं महिपतीच्या डोळ्यांत बघितलं आणि मान हलवली.

तेव्हा कुठं महिपतीनं दांड्यावरचा हात काढला.