डावीकडचा कोपरा

"तुमच्याकडे डावीकडे खाली कुणी राहत नाही का हो?" संपादकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

चित्रकर्तीला आधी प्रश्नच कळला नाही. समोरच्या टेबलावर तिने मुलांच्या पुस्तकासाठी काढलेली सगळी चित्रं मांडली होती. बाजार, शाळेचं मैदान, दवाखान्याबाहेरची रांग. संपादकबाई एकेका पानाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवत गेल्या. इथे नुसतं गवत, इथे सावली, इथे तर काहीच नाही. माणसं, कुत्री, सायकली सगळी उजवीकडे दाटीवाटीने उभी होती.

"ताई, पोरांची नजर सगळ्या पानावर फिरते. चित्रं गोड आहेत, पण अशी नाही छापता येणार. महिनाअखेर करून द्याल ना? नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल, आणि ते माझ्या अगदी जिवावर येतं."

"करते," ती म्हणाली. असं का झालं हे तिला तिथेच उमगलं होतं, पण चारचौघांत सांगण्यासारखं ते कारण नव्हतं.

कारण घरी टेबलावर पडून होतं. काळी, चपटी, कडेला रंग उडालेली ड्रॉइंग टॅब्लेट. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटायची. घरात तिला सगळे पाटीच म्हणत. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत पाटीने मान टाकली होती. तिथे पेन नेलं की रेघ अडखळायची, तुटायची, कधी उमटायचीच नाही. आधी आधी ती चित्र पडद्यावर बाजूला सरकवून तो भाग काढायची. मग कंटाळा केला. हळूहळू हातच तिकडे जाईनासा झाला, आणि हाताने आपल्याला न विचारता एवढा कारभार केला हे तिला आज परक्याच्या टेबलावर कळलं.

दुरुस्तीवाल्याकडे ती दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा तो म्हणाला, "मॅडम, हिची आता सेवा करा, हिला काम सांगू नका." दुसऱ्यांदा त्याला दया आली. "सेटिंगमध्ये जाऊन तेवढा कोपरा बंद करून देतो. उरलेल्या जागेत आरामात चालेल."

"नको," ती पटकन म्हणाली. "कोपरा असू दे."

त्या कोपऱ्याला मालकीण होती. लेक लहान असताना आईला कामाला बसू द्यायची नाही. आईने पेन हातात घेतलं की हिचा भोंगा सुरू. शेवटी आईने टेबलाच्या डाव्या बाजूला एक स्टूल ठेवलं, पाटीच्या कोपऱ्यावर कागदाचा कपटा ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि सांगितलं, "एवढा कोपरा तुझा. बाकीची पाटी माझी. हद्द ओलांडायची नाही." पोरगी डावखुरी, म्हणून घरात तिचं नावच डावरी पडलं. जीभ बाहेर काढून, पेन्सिल दाबून दाबून ती घरं काढायची. कागद फाटायचा आणि पेन्सिल खालच्या पाटीवर चरे ओढायची. आई उजवीकडे सरकून, कोपर अंगाशी आवळून काम करायची. दुपारच्या दुपारी दोघी अशा बसत. इतकं सुख पुढे कधी मिळालं नाही, हे तिला स्वतःशी कबूल करायलाही लाज वाटायची. डावरी आता दुसऱ्या शहरात मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढत होती, आणि फोन उचलला की आधी "हं, बोल पटकन" म्हणायची.

त्या शनिवारी डावरी आली ती काखेत खोकं मारूनच.

"नवीन आणलीय तुला. आता नाही म्हणू नकोस."

"अगं, जुनी चालतेय अजून."

"बघू तरी कशी चालतेय." डावरीने उभ्याउभ्याच पेन उचललं, डाव्या हातात धरलं आणि पाटीवर एक लांब रेघ ओढली. कोपऱ्यात शिरताच रेघ तुटली. "हा भाग तर मेलाय, आई. आणि हे चरे कसले? कुणी खिळ्याने खरवडलंय का?"

आई तिच्याकडे बघत राहिली. पाटी टाकायची वेळ आली की डावरीच आडवी येईल, आणि आपल्याला तिची समजूत घालावी लागेल, असं तिने धरून ठेवलं होतं. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

"तू," ती म्हणाली.

"मी?" डावरी हसली. "मी काय केलं?"

आईने सांगितलं. स्टूल, कपटा, हद्द, सगळं. डावरीने मन लावून ऐकलं, जरा आठवूनही पाहिलं.

"मला काहीच आठवत नाही गं," ती खरं तेच बोलली. "आणि एवढ्यासाठी तू अशी वापरत बसलीस?"

"एवढ्यासाठी कशाला? सवय झाली होती."

आईला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. पोरीचा काय दोष? लहान होती ती. सांभाळून ठेवायचं काम दोघींपैकी एकीच्याच वाट्याला आलं होतं, एवढंच. डावरीने बोट त्या चऱ्यांवरून एकदा फिरवलं, म्हणाली, "बाप रे, केवढं दाबून काढायचे मी," आणि चहा टाकायला आत गेली.

रविवारी संध्याकाळी ती परत गेली. जाताना नवी पाटी जोडून, चालू करून, "आता हिला चादर घालून झाकून ठेवू नकोस म्हणजे झालं," असं बजावून गेली.

सोमवारी सकाळी आईने जुन्या पाटीची वायर काढली, धूळ पुसली आणि तिला कपाटात खालच्या कप्प्यात उभी केली. नवी चांगली लांबरुंद होती, टेबलाच्या मधोमधच मावत होती. त्यामुळे इतकी वर्षं डावीकडेच असलेलं स्टूल उचलून खिडकीखाली न्यावं लागलं आणि खुर्ची मध्ये ओढावी लागली. मग तिने बाजाराचं चित्र उघडलं. डाव्या कोपऱ्यात मडकी विकणारी बाई बसवली, तिच्यापुढे भाव करणारा म्हातारा उभा केला, त्याच्या पायाशी कुत्रं. पेन कुठेही अडखळत नव्हतं. डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळीकडे सारखंच.

कुत्र्याची शेपटी काढून झाल्यावर तिचा खांदा दुखायला लागला. तिने खाली पाहिलं. डावं कोपर तिने अंगाशी घट्ट आवळून धरलं होतं, शेजारी बसलेल्या कुणाला धक्का लागू नये म्हणून धरावं तसं.

तिने ते हळूच सैल सोडलं, आणि पुढचा माणूस काढायला घेतला.