वरच्या गल्लीची अकरा घरं

“हे बघा, याला म्हणतात फॉर्म भरणं,” असं म्हणत मॅडमनी तो कागद पडद्यावर मोठा करून दाखवला, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

अक्षर त्यांचंच होतं. अर्थशास्त्र विभागात एकतीस वर्षं सर्वेक्षणाची नोकरी केलेला माणूस स्वतःचं अक्षर विसरेल होय? दार वाजवायचं, घरात माणसं किती, कमावतं कोण, दवाखाना किती लांब, हे विचारायचं आणि चौकटीत लिहायचं, एवढंच काम. पण प्राध्यापक आले नि गेले, विभागात फॉर्म म्हटलं की काकांचेच. खुद्द मॅडम विद्यार्थिनी असताना त्यांच्या मागून उन्हातान्हात फिरल्या होत्या. म्हणून तर शुक्रवारी निवृत्त होणाऱ्या काकांना त्यांनी आज मुद्दाम वर्गात आणून बसवलं होतं.

“एक खाडाखोड नाही, एक चौकट रिकामी नाही,” मॅडम नव्या मुलांना सांगत होत्या. “आणि वयं बघा. त्रेचाळीस, सत्तावन्न, एकोणसत्तर. आपण विचारलं तर लोक ‘असेल पन्नास-साठ’ म्हणून मोकळे होतात. काका खोदून खोदून विचारतात.”

पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, “काका, तुम्हाला लोक इतकं नीट कसं सांगतात हो?”

“बसलं की सांगतात,” काका म्हणाले.

बसले होते हे मात्र खरं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. टेकडीवरच्या त्या वस्तीतली खालची चाळीस घरं त्यांनी इमानेइतबारे केली. वरच्या गल्लीतली अकरा उरली, आणि मध्ये एकशे दहा पायऱ्या. गुडघा ठणकत होता, ऊन मी म्हणत होतं. काकांनी मनाशी म्हटलं, जन्मभर हेच विचारतोय. वर जाऊन काय निराळं कानावर पडणार आहे? आणि तासाभरात त्यांनी बसल्या जागी अकरा घरं वसवली. माणसं घातली, पोरं घातली, खरं वाटावं म्हणून वयं अडनिडी घातली. दवाखान्याला लागणारा वेळ पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, पुन्हा पंधरा. त्याआधी आणि त्यानंतर एकही आकडा त्यांनी खोटा लिहिला नव्हता. पण दूध नासायला मिठाचा एकच खडा पुरतो.

तास संपल्यावर त्यांनी मॅडमना गाठलं. “त्या वस्तीचा अहवाल गेला का हो?”

“सोमवारी जातोय नगरपालिकेकडे. फिरता दवाखाना कुठे थांबवायचा ते त्यावरच ठरणार ना. खाली टाकीपाशी थांबा धरलाय. मागच्या रस्त्याने गाडी वरपर्यंतही जाते म्हणे, पण वरच्यांना कशाला हवी? पंधरा मिनिटांत दवाखाना गाठतात, तुम्हीच लिहिलंय की.” मॅडम हसल्या. “आणि शुक्रवारी तुमच्याबद्दल मी बोलणार आहे हं. रडायचं नाही.”

काकांनी सांगायला तोंड उघडलं, पण ‘नाही रडत’ एवढंच बाहेर पडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवस काढले की सुटलो, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोरे फॉर्म घेऊन टेकडीवर गेले. पायऱ्या चढताना तीनदा बसावं लागलं. पहिल्याच दारात एक म्हातारी सदऱ्याला बटणं लावत बसली होती.

“वय काय आजी?”

“असेल साठ. नाहीतर सत्तर लिहा, तुम्हाला बरं पडेल ते.”

“दवाखान्याला किती वेळ लागतो?”

म्हातारीची सुई थांबली. “जायला की यायला?”

एकतीस वर्षांत कोणी असं उलट विचारलं नव्हतं. फॉर्मवर चौकट एकच होती.

“उतरायला वीस मिनिटं,” म्हातारी म्हणाली. “यायला तास जातो. माझ्या मालकांना दमा होता. धरून धरून खाली नेलं, डॉक्टरांनी औषध दिलं, बरं वाटलं त्यांना. वर येताना सत्तराव्या पायरीवर बसले, ते बसलेच.” तिने दोरा दाताने तोडला. “त्याच्या महिनाभर आधी खाली कोणी लिहून घेत होता. हे सकाळपासून दारात बसून होते, म्हणाले, त्याला सगळं सांगतो. वर काही आला नाही तो. थकला असेल बिचारा.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धड तिच्याकडे बघवेना. “तो मीच होतो आजी,” ते म्हणाले.

म्हातारीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांनी हाताने दाबून धरलेल्या गुडघ्याकडे. तिने मांडीवरचा सदरा बाजूला ठेवला.

“मग आता बसा की,” ती म्हणाली. “लिहून घ्या.”

अकरा घरांना दोन दिवस लागले. ज्या घरात काकांनी पाच माणसं नांदवली होती, त्याला तीन वर्षं कुलूप होतं.

गुरुवारी त्यांनी नवे फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवले. जागोजागी खाडाखोड, कुठे ‘माहीत नाही’, आणि दवाखान्याच्या चौकटीत कोंबलेले दोन-दोन आकडे. “पहिल्या वेळी मी वर गेलोच नव्हतो,” ते म्हणाले.

मॅडमनी एकेक फॉर्म शेवटपर्यंत वाचला. “मी तुमच्याकडून शिकले हो काका,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मग त्यांनी अहवाल पुढे ओढला आणि थांब्याचं पान काढून बाजूला ठेवलं.

“ते जुने अकरा फाडून टाका,” काका म्हणाले.

“नाही फाडणार. न जाता भरलेला फॉर्म कसा दिसतो, ते मुलांना शिकवायला लागतील.” मॅडमनी जुन्या फॉर्मांची फाईल काढून समोर ठेवली. “तुमचं नाव झाकते मी.”

“नाव राहू द्या. आणि उद्याचं भाषण नको.”

काकांनी ड्रॉवरमधून एक कोरी चिठ्ठी काढली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘न जाता भरलेले फॉर्म. एकूण अकरा.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. चिठ्ठीला डिंक लावून ती जुन्या फायलीवर चिकटवली आणि वाळेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली.