बाविसावी ओवी

दोनदा गाऊन झालं होतं, आणि दोन्ही वेळा गाणं पुरं व्हायच्या आत कॉम्प्युटर अडकला होता.

पाचच्या एसटीनं विमलबाई पुण्याला निघणार होती. उद्या सकाळी तिच्या गळ्यातली गाठ काढायची. आवाज राहील की जाईल, डॉक्टर काही सांगत नव्हते. म्हणून ती मिरजगावात, सायकलच्या दुकानावरच्या भाच्याच्या, महेंद्रच्या खोलीत येऊन बसली होती. भिंतींना गोणपाट, खिडकीला गोधडी, टेबलावर कॉम्प्युटर. कॅसेटचं जुनं यंत्र विकून अठ्ठ्याण्णव साली त्यानं तो घेतला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

गाणं लंकाबाईचं. विमलबाईची आई छप्पन साली नागपूरला जाऊन आली आणि जात्यावर बसून तिनं बावीस ओव्या बांधल्या. शेवटच्या ओवीत तिचं नाव होतं. शब्द महेंद्रनं वहीत उतरवले होते. चाल वहीत उतरत नाही.

"मावशे, दोन तुकड्यांत घेऊ का? आधी अकरा, मग अकरा."

"दळन मधीच सोडून कुनी उठतं व्हय रे? आई म्हनायची, घास घातला की जातं थांबवू नये. तुझं यंत्र नीट कर."

त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला. आवाजाचं कार्ड काढलं, फुंकलं, दुसऱ्या खाचेत बसवलं. वायर बदलली. माऊस हातात धरून 'एक दोन तीन' म्हणून पाहिलं. पाच वेळा, मिनिट-दीड मिनिट. सगळं ठीक. कानांमागून घाम गळत होता. चार वाजले.

"चल."

मॉनिटरची बारीक गुणगुण माईकमध्ये शिरायची, म्हणून रेकॉर्डिंग सुरू करताच त्यानं नेहमीसारखा मॉनिटर बंद केला, हेडफोन चढवला आणि हात मांडीवर ठेवले. मावशी गाताना कशाला हात लावायचा नाही, श्वासही जपून घ्यायचा.

*कोरभर भाकर माझ्या मायच्या पदरात,*
*नागपूरची वाट तिच्या मावंना उरात.*

आवाज थकला होता, पण चाल तीच, जात्याच्या फेऱ्याची. महेंद्र पाय हलवू बघे आणि आवरी. चौदा. पंधरा. सोळा.

*पांढरं लुगडं माय हातानं धुतीया,*
*येशीभाईरली वाट आता गावात येतीया...*

हेडफोनमध्ये 'या' अडकला. या-या-या-या, जणू कुणी गळा धरला. त्यानं मॉनिटर लावला. काळाकुट्ट. माऊस मेलेला. थांबवल्याशिवाय फाईल साठत नसे. सतरा ओव्या गेल्या.

"गेलं?"

महेंद्रनं कॉम्प्युटरवर हात आपटायला उचलला होता, तो तसाच राहिला.

विमलबाई पाण्याचा घोट घेऊन स्वतःशीच बोटांवर मोजत होती. "म्हैंद्रा, पयल्यांदा एकुनीसला मेलं. दुसऱ्यांदा मी घाई केली तर एकवीसला. आन् आता आवाज बसला, वढत गायले, तर सतराला."

"म्हंजी?"

"म्हंजी ते ववीला न्हाई अडत. येळंला अडतंय. पायलीभर जवारीला किती ववी लागते ते मला इचार. तिन्ही डाव सारकाच येळ झाला."

महेंद्रनं घड्याळाकडं पाहिलं. एकोणीस ओव्या, एकेक अर्ध्या मिनिटाला जरा जास्तच. दहा मिनिटं. दहा मिनिटं कशाला हात न लावता.

त्यानं कॉम्प्युटर परत चालू केला आणि कपाळाला हात लावला. बुद्धजयंतीला त्यानंच हौसेनं स्क्रीनसेव्हर बसवला होता: दहा मिनिटं कुणी माऊस हलवला नाही की पडदा काळा होई आणि निळी अक्षरं सरकत जात, 'जयभीम! या, बसा.' येणारा-जाणारा बघून हसे. रेकॉर्डिंग करता करता यंत्राला ते पेलत नव्हतं, आणि बंद मॉनिटरमागं ते त्याला दिसत नव्हतं; एरवीची गाणी पाच-सहा मिनिटांत संपत, म्हणून कधी अडलंही नव्हतं.

"मावशे, मीच पाहुण्याला या बसा म्हणत होतो गं, आणि तुझा गळा धरत होतो."

"लई हुशार! आता काढ ते. सव्वाचार झालं."

त्यानं ते बंद केलं. तरी भरवसा वाटेना. या खेपेला हात माऊसवर ठेवून अधूनमधून हळूच हलवत राहिला, तान्ह्याला थोपटावं तसा. सतरा गेली. एकोणीस गेली. विसाव्या ओवीला विमलबाईचा आवाज फाटला. तिनं थांबून घेतलं नाही. एकविसावी निम्मी गायली, निम्मी नुसती बोलली.

*बाविसावी ओवी, नाव मायचं घालते,*
*लंकाबाईची लेक तिच्या पावलानं चालते.*

'लंकाबाई' तेवढं गळ्यातून आलं, बाकीचा वारा. पण चाल कळत होती. महेंद्रनं थांबवलं, साठवलं, परत उघडून पाहिलं. होतं. दुसऱ्या ठिकाणीही उतरवलं.

"परत एकदा घेऊ? शेवट—"

विमलबाईनं मान हलवली. पिशवी उचलली, दारात थांबली, पडद्याकडं बोट केलं. कुजबुजली, "ते 'जयभीम' पुन्हा लाव मातुर. मी आले आन् बोलता न्हाई आलं, तर त्येच्याकडं बोट दावीन."

ती जिना उतरली. महेंद्रनं खिडकीची गोधडी बाजूला केली, एसटीकडं जाणारी पांढरी साडी दिसेनाशी झाल्यावर टेबलाशी आला, ते 'जयभीम' पुन्हा लावलं, आणि दहाच्या जागी साठ मिनिटं घातली.