झोपून मोजलेली उंची

प्रियदर्शनी चार वर्षांची आहे, पण तिला उभं राहता येत नाही. बडनेऱ्याच्या आमच्या अंगणवाडीत ती रोज आईच्या कडेवर येते आणि अर्धी खिचडी सांडली तरी स्वतःच्या हातानं खाते. मी तिथली सेविका.

काल मुलांची उंची मोजायची होती. तपासायला आमच्या मुख्यसेविका कुंदा मॅडम आल्या. प्रियदर्शनीकडे बघून म्हणाल्या, "हिचा रकाना कोरा ठेवा. उभी राहत नाही, तर उंची कशी घेणार?"

"झोपवून घेतो," मी म्हटलं.

"ते तान्ह्या बाळांसाठी. झोपवून उंची जरा जास्त भरते. बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?"

अन्याय म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. भिंतीवरची पट्टी मी काढली, सतरंजीवर आडवी ठेवली आणि प्रियदर्शनीच्या शेजारी बाकीच्या अठराही पोरांना ओळीनं झोपवलं. पोरं खिदळत होती.

"हे काय चाललंय?"

"अन्याय नको ना मॅडम, म्हणून सगळ्याइचीच झोपवून घेऊन राहिलो. जास्त भरली तर सगळ्याइचीच भरू द्या." मी पेन त्यांच्या हातात दिला. "लिवा. पयलं नाव, प्रियदर्शनी."