एकाच शाईतल्या दोघी

शेलूबाजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हा मी भिंतीवर सगळ्यांत आधी ते चित्र चिकटवलं. नागपूरला कॉलेजात असताना ग्रंथालयानं रद्दीत काढलेल्या एका अमेरिकन मासिकातून ते कापून घेतलं होतं. तिकडच्या एका काळ्या बाईनं लाकूड कोरून, त्याला शाई लावून छापलेलं. चित्रातही काळी बाईच. हनुवटी वर केलेली, आणि मानेशी बिलगलेली तिची मुलगी. दोघी एकाच शाईतल्या. आई कुठं संपते आणि मुलगी कुठं सुरू होते हे जरा निरखल्याशिवाय कळत नाही. चित्रकर्तीचं नाव पानाच्या कडेला होतं, ते कापताना गेलं.

हे रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर. आठवडाभर तंबूत, शनिवारी घरी. मला दिवस गेलेले, बोलायला माणूस नाही. मी त्या बाईशीच बोलायची. रिसोडहून सासूबाईंनी गोऱ्या, गुबगुबीत बाळकृष्णाचं कॅलेंडर पाठवलं होतं. पोटुशीनं रोज पाहावं, म्हणजे मूल तसं होतं. ते मी स्वयंपाकघरात टांगलं. धुरानं बाळकृष्ण तांबूस पडला.

माहेरी बाळंत होऊन कुंदाला घेऊन परतले, तशा पाठोपाठ आत्याबाई आल्या. सासूला, गोजराबाईंना, आम्ही आत्याबाईच म्हणतो. त्यांनी पोरीचा चेहरा पाहण्याआधी कान उलटा करून पाळीचा रंग पाहिला.

"पाय व आवडाबाई," त्या शेजारणीला म्हणाल्या, "कानाची पायी खोटं बोलत नाई. हा रंग उतरत नसते."

"बापावर गेली म्हना."

"माया शालिग्राम गहूवर्णी हाय!" त्यांचं बोट भिंतीवरच्या काळ्या बाईकडे गेलं. "थे पाय कोनावर गेली. म्या कॅलेंडर धाडलं, आन हे त्या कायीकडं पायत बसली."

आवडाबाई चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "कोन्या तांड्याची व हे?"

"अमेरिकेची," मी म्हणाले.

"अव माय! म्या म्हनलं तिकडं समद्या मडमाच असतेत."

दोघी हसल्या. मीही हसले असते, पण मला आठवू लागलं की मी त्या चित्राकडे किती वेळा पाहिलं होतं. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेली मी, पाळण्याशी बसून स्वतःची झडती घेत होते.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंनी आंघोळ हाती घेतली. पाटावर बसून पाय लांब करायच्या, कुंदाला नडग्यांवर पालथी टाकायच्या. डाळीचं पीठ, हळद आणि साय यांचा घट्ट गोळा, तो पाठीवर, गालांवर, गळ्याच्या वळ्यांत फिरवायच्या. हात सराईत होता. कुंदा त्या पायांवरून कधी घसरली नाही. पण रडायची, आणि आंघोळीनंतर तिच्या गालावर तांबडे चट्टे उठायचे. मी दिवसातून कितीदा तरी ते बघायची, खोबरेल लावायची, पुन्हा बघायची.

"आत्याबाई, कातडी सोलवटली हो."

"वरची जाते, मंग आतली गोरी येते. तू कालेजात शिकली, मले लेकरं झाले."

एक दिवस त्या म्हणाल्या, "शनवारी शालिग्राम येऊन राह्यला. त्याच्या आधी थे कायी भितीवरून उतरव. पुढच्या खेपेले तरी चांगलं पाय."

मी उतरवलं. ओल्या फडक्यानं सोडवताना मुलीच्या पायाशी कागद फाटला. ट्रंकेत लुगड्यांखाली चित्र ठेवलं आणि त्या जागी बाळकृष्ण टांगला. मनात सौदा केला होता: चित्र गेलं, आता घासणं कमी होईल.

सकाळी त्यांनी गोळा अधिकच जोरात फिरवला. "आता गुन येईन," म्हणाल्या. कुंदा रडून रडून निळसर पडली, आणि मानेच्या वळीत बारीक रक्त दिसलं.

मी वाकले आणि तिला तशीच पिठासकट उचलून घेतलं.

"काय करून राह्यली?"

"आता नाही घासायचं. होऊ द्या काळी. आहेच ती काळी."

आत्याबाईंचे पाय लांबच होते. नडग्यांवर पिठाचे गोळे राहिले होते, ते त्या नखानं खरवडू लागल्या.

"मायी माय मले इटकरीनं घासे," त्या म्हणाल्या. "पीठ कुठलं होतं तवा. लय रडो मी. पन शेवटी भेटलंच नं सासर?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बांगड्यांपासून कोपरापर्यंत त्या सावळ्याच होत्या. इतके दिवस मी फक्त गोळा पाहत होते.

दुपारी त्यांनी पिशवी भरली.

"राहा ना, आत्याबाई. तुमच्या पायांवरून ती कधी घसरत नाही. फक्त पीठ नको."

"पीठ नाई, मंग मी कायले राहू?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

सडकेवर एसटी थांबली. त्यांनी कुंदाचा कान उलटा केला नाही. कपाळाला बोट लावलं आणि चढल्या. गाडी वळली, धूळ बसली, तरी मी तिथंच उभी होते. घरी परतायला कारण नव्हतं.

त्यानंतर कुंदा माझ्या पायांवर टिकेना. सारखी घसरायची, मी घाबरून अर्ध्यातच आंघोळ उरकायची. दार लावलं की घरात तिच्या रडण्याशिवाय आवाज नसे.

शनिवारी ती झोपल्यावर मी चित्र ट्रंकेतून काढून पुन्हा भिंतीवर लावलं. मग एक कोरा कागद आणि चुलीतला विझलेला कोळसा घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी काढत होते. पाटावर बसलेल्या आत्याबाई, लांब केलेले पाय, नडग्यांवर पालथं मूल. कोळसा हातानं पसरला आणि दोघींच्या कडा एकमेकींत गेल्या. ते मूल कुंदा आहे की विटकरीखाली रडणारी लहानगी गोजरा, ते मी ठरवलं नाही.

कागद भिंतीवरच्या त्या दोघींच्या शेजारी लावला. बाहेर सायकल टेकल्याचा आवाज आला.

"आई?" यांनी दारातूनच हाक मारली. "आई कुठं आहे?"

मी काळे हात पदराला न पुसताच दार उघडायला गेले.